संगणक अडला आणि आम्ही मुलीवर रागावलो

आम्ही दोघे चिखलीच्या घरकुल वसाहतीत राहतो. एक जण चाकणच्या कारखान्यात मेन्टेनन्स फिटर आहे, दुसरी भोसरीच्या एका शेडमध्ये गाड्यांचे वायरिंग हार्नेस बांधते. हा लेख दोघांनी मिळून लिहिला आहे, कारण त्यातली चूकही दोघांची आहे. सोयीसाठी पुढे 'पप्पा' आणि 'आई' असेच लिहितो. घरात मुले आम्हाला तशीच हाक मारतात.

२०१३ च्या दिवाळीत बोनसचे पैसे भरून आणि उरलेल्या रकमेचे हप्ते बांधून आम्ही संगणक घेतला. थोरली तेव्हा पाचवीत होती, धाकटा बालवाडीत. विंडोज ७, २ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. दुकानदाराने बरेच काही सांगितले. आम्हाला हप्त्याचा आकडा तेवढा कळला. आईने जुन्या साडीचे आच्छादन शिवून त्यावर घातले. मुलांनी शिकावे, पाळीच्या भोंग्यावर त्यांचे आयुष्य जाऊ नये, एवढीच इच्छा होती.

डिसेंबर २०२२ ची गोष्ट. थोरली नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावरून भरायचा होता. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक, फीची पावती अशी सगळी कागदपत्रे तिने मोबाईलवर फोटो काढून गोळा केली होती. मुदत संपायला दोन दिवस राहिले होते. अर्जाची पावती नसेल तर पूर्ण फी आधी भरा, असे कॉलेजात सांगितले होते. ती रक्कम आमच्या दोघांच्या तीन महिन्यांच्या पगाराएवढी होती.

रात्री आठला ती बसली. तिसऱ्या पानापर्यंत गेली की पडदा पांढरा व्हायचा, बाणाच्या जागी गोल चक्र फिरायचे आणि पान पुन्हा पहिल्यापासून उघडायचे. भरलेले सगळे जायचे. असे तीनदा झाले. वसाहतीजवळच्या एका दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, "व्हायरस असेल. फॉरमॅट मारावा लागेल." म्हणजे आणखी ५०० रुपये आणि दोन दिवस.

पप्पा दुसऱ्या पाळीवरून आले तेव्हा मध्यरात्र होत आली होती. चौथ्यांदा तेच झाले आणि ते म्हणाले, "एवढी शिकतेस आणि तुला एक अर्ज भरता येत नाही?" आईनेही भर घातली, "सारखी मोबाईलमध्ये डोके घालून बसतेस, लक्ष कुठे असते तुझे?" पोरीने उत्तर दिले नाही. तिने संगणक बंद केला, आच्छादन नीट घातले आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

आम्हाला मात्र झोप लागेना. पहाटे चहा घेताना पप्पा म्हणाले, "अगं, कारखान्यात मशीन बंद पडली तर आपण ऑपरेटरवर ओरडतो का? आधी कारण शोधतो." चाकण-भोसरीच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना 'व्हाय-व्हाय' ठाऊक असते. ही जपानच्या टोयोटा कंपनीतून आलेली पद्धत. बिघाड झाला की 'का?' असे विचारायचे, उत्तर मिळाले की त्यालाही 'का?' विचारायचे, असे पाच वेळा. माणसाच्या नावापाशी थांबायचे नाही, कारणापर्यंत जायचे. कारखान्यात रोज करतो ते घरात एकदाही केले नव्हते.

पप्पांनी अर्धी रजा टाकली. मुलीच्या शेजारी बसले.

पहिला प्रश्न, अर्ज का गेला? ब्राउझर, म्हणजे संकेतस्थळे उघडण्याचा प्रोग्राम, अडला आणि पान पुन्हा उघडले म्हणून. तो का अडला? मुलीने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला. मेमरीचा आकडा होता ९७ टक्के. डब्यावरचा लाल दिवा सारखा पेटलेला होता.

या मेमरीचा अर्थ आम्हाला कारखान्याच्या भाषेत असा कळला. रॅम म्हणजे कामगाराचे टेबल. हार्ड डिस्क म्हणजे स्टोअर. चालू काम टेबलावर असते. टेबल भरले की संगणक त्यातले काही उचलून स्टोअरमध्ये ठेवतो आणि लागले की परत आणतो. लाल दिवा ही त्या ये-जा करण्याची खूण. रॅममधून माहिती काढायला लागणारा वेळ आणि फिरत्या हार्ड डिस्कवरून आणायला लागणारा वेळ यांत साधारण लाख पटींचा फरक असतो. टेबलावरचा पाना उचलायला एक सेकंद लागत असेल, तर त्या हिशेबाने स्टोअरमधून आणायला एक दिवसाहून जास्त लागेल. मग संगणक अडणार नाही तर काय होणार? म्हणून हार्ड डिस्क निम्मी रिकामी असूनही आमच्या कामी येत नव्हती. हिस्टरी आणि साठलेल्या फाइली पुसूनही उपयोग झाला नसता. त्यांनी स्टोअरमधली जागा मोकळी होते, टेबलावरची नाही.

आता पुढचा प्रश्न. टेबल कशाने भरले? आम्ही क्रोम वापरत होतो. त्यात शिफ्ट आणि एस्केप दाबले की क्रोमची स्वतःची यादी दिसते, कोणती टॅब किती मेमरी खाते त्याची. मुलीने ती मोठ्या आकड्यापासून खाली लावली. एकूण २३ टॅब उघड्या होत्या. त्यांतल्या ६ मुलीच्या. सर्वांत वर, ३१० एमबी, जुन्या गाण्यांचा तीन तासांचा व्हिडिओ. मुलगी हळूच म्हणाली, "पप्पा, हे पहिले तुमचे आहे." दुसऱ्या क्रमांकावर धाकट्याचा गेम. तिसऱ्यावर ब्लाउजच्या कटिंगचा व्हिडिओ, तो आईचा. अर्जाचे पान होते १२० एमबीचे, यादीत बरेच खाली.

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो.

आम्ही म्हणालो, "पण आम्ही तर संगणक बंद करून झोपतो." त्याचेही उत्तर निघाले. 'मागच्या वेळी जेथे थांबलात तेथून पुढे' अशी एक सोय क्रोमच्या सेटिंगमध्ये चालू होती. संगणक सुरू केला की कालच्या, परवाच्या, दिवाळीच्या सगळ्या टॅब आपोआप हजर. ती सोय पप्पांनीच कधीतरी चालू केली होती, गाणे पुन्हा शोधावे लागू नये म्हणून.

एकेका टॅबला एवढी जागा का लागते, हे मुलीने नंतर वाचून सांगितले. २००८ मध्ये क्रोम आला तेव्हा प्रत्येक टॅब शक्यतो स्वतंत्र ठेवण्याची पद्धत त्यात होती. एक पान बिघडले तरी बाकीची बुडू नयेत, हा हेतू. फायरफॉक्सनेही पुढे तोच मार्ग धरला. जानेवारी २०१८ मध्ये 'स्पेक्टर' नावाचा दोष जाहीर झाला. तो प्रोसेसरच्या रचनेतच होता, आणि त्यातून एका संकेतस्थळाला दुसऱ्याची गुप्त माहिती चोरता येण्याचा धोका होता. त्यावर त्याच वर्षी क्रोमने संकेतस्थळांमधल्या भिंती आणखी पक्क्या केल्या. त्याने मेमरी १० ते १३ टक्के जास्त लागेल, असे गुगलनेच सांगितले होते. वेल्डिंगच्या प्रत्येक बूथला वेगळा पडदा असतो, ठिणगी शेजारी जाऊ नये म्हणून. पडद्याला जागा लागतेच. म्हणजे संगणक म्हातारा होऊन आळशी झाला नव्हता. टेबल २०१३ चे तेवढेच होते आणि त्यावरचे काम २०२२ चे झाले होते.

मुलीची एक चूक निघाली, तीही नकळत झालेली. दाखल्यांचे फोटो तिने मूळ आकारातच उघडून ठेवले होते. मोबाईलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो फाइल म्हणून ३-४ एमबीचा दिसतो. पण तो उघडला की घडी घातलेली सतरंजी पसरावी तसा पसरतो. १ कोटी २० लाख ठिपके, प्रत्येकाला ४ बाइट, म्हणजे ४८ एमबीपर्यंत जागा. असे सहा फोटो.

आई तेव्हा म्हणाली, "अहो, आमच्या लाइनवर नियम आहे, एका टेबलावर एकच ऑर्डर. दोन ऑर्डरी ठेवल्या की वायरी मिसळल्याच समजा." तोच नियम आम्ही लावला. सगळ्या टॅब बंद केल्या. ती आपोआप उघडण्याची सोय काढली. क्रोममध्ये दोन एक्स्टेन्शन निघाली, सवलतीच्या कुपनांची वगैरे. ती कुणी घातली ते कुणालाच आठवेना. ती काढली. संगणक सुरू होताच मागे चालू होणारे चार प्रोग्राम बंद केले, अँटिव्हायरस तेवढा ठेवला. फोटो लहान करून घेतले. अर्जात भरायची माहिती आधी वहीत लिहून काढली. मग संगणक बंद करून पुन्हा सुरू केला आणि एकच टॅब उघडली.

मेमरी ६१ टक्के. लाल दिवा अधूनमधून लुकलुकत होता. दुपारी चारच्या सुमारास अर्ज गेला आणि पावतीचा क्रमांक पडद्यावर आला. मुलीने तो वहीत दोनदा लिहिला.

पुढच्या रविवारी पप्पा कुदळवाडीच्या भंगार बाजारात गेले आणि ४०० रुपयांत २ जीबीची जुनी रॅमची पट्टी घेऊन आले. जाताना आपली पट्टी काढून बरोबर नेली होती, कारण डीडीआर २ आणि डीडीआर ३ यांची खाच वेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. वायर काढून ठेवली, डब्याच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली, पट्टीचे सोनेरी दात धाकट्याच्या खोडरबराने हलकेच पुसले आणि बसवली. संगणकाने ४ जीबीपैकी वापरायला ३ जीबीच्या थोडे वर दाखवले. फसवले की काय, असे वाटले. पण आमचे विंडोज ३२ बिटचे होते. त्याला ४ जीबीपर्यंतचेच पत्ते मोजता येतात आणि त्यातले काही इतर भागांसाठी राखीव जातात. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडीतील शेड आणि गोदामे मोठ्या प्रमाणावर पाडली. त्यात ते दुकानही गेले.

विंडोज ७ ची सुरक्षा दुरुस्ती जानेवारी २०२० मध्येच थांबली होती. जानेवारी २०२३ मध्ये आलेली क्रोमची १०९ वी आवृत्ती ही त्यावर चालणारी शेवटची. जुन्या ब्राउझरवर बँकेचे काम करणे धोक्याचे, म्हणून त्या दिवाळीत मुलीने फिरती डिस्क काढून एसएसडी बसवली आणि फुकट मिळणारे लिनक्स मिंट घातले, ६४ बिटचे. आता पूर्ण ४ जीबी दिसते. पण लिनक्स घातले म्हणून ब्राउझरची भूक कमी होत नाही. टेबल मोकळे ठेवायची शिस्त तिथेही लागतेच.

हे आता लिहिण्याचे कारण असे की १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चीही नेहमीची मुदत संपली. ऑफिसांतून निघालेले जुने संगणक स्वस्तात मिळतात आणि आपल्या वस्त्यांतली पालक मंडळी मुलांसाठी ते घेतात. घ्यायला हरकत नाही. फक्त रॅम किती, आणखी पट्टी बसवायला जागा आहे का, हे विचारून घ्या. ४ जीबीपेक्षा कमी असेल तर वाढवण्याचा खर्च धरूनच भाव करा. क्रोममध्ये डिसेंबर २०२२ पासून 'मेमरी सेव्हर' नावाची सोय येऊ लागली, न वापरलेल्या टॅब निजवणारी. ती चालू ठेवा. 'रॅम वाढवून देतो' म्हणणारे फुकटचे प्रोग्राम मात्र घालू नका. टेबल सॉफ्टवेअरने मोठे होत नाही. आणि संगणक अडला तर फॉरमॅट मारण्याआधी, मुलांवर ओरडण्याआधी, ती यादी उघडून पाहा. सर्वांत वर कदाचित तुमचेच नाव असेल.

आमची थोरली २०२५ मध्ये नर्सिंगची परीक्षा पास झाली. आता ती एका रुग्णालयात रात्रपाळी करते. त्या डिसेंबरात पावती मिळाल्यावर आम्ही पेढे आणले, शेजाऱ्यांना वाटले, पण 'आमचे चुकले' एवढे दोन शब्द तिला म्हणालो नाही. आई-बापाने मुलांना असे म्हणायचे नसते, असे कुठेतरी मनात बसलेले. तिनेही पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

हा अंक घरी येईल तेव्हा तीच आधी वाचेल. म्हणून इथे लिहितो. पोरी, त्या रात्री आमचे चुकले.