सोमवारची पोटदुखी

आपल्या नातवंडाचे पोट नेमके सोमवारी सकाळीच दुखते का? माझ्या नातीचे दुखत असे. ते ढोंग नव्हे. भीतीने पोटात खरोखर कळ येते. ‘राहू दे आजचा दिवस,’ असे आपण मायेने म्हणतो, पोट थांबते आणि पुढच्या सोमवारी भीती अधिक बळावते. म्हणूनच येल विद्यापीठातील एली लेबोविट्झ यांची उपचारपद्धती मुलाऐवजी पालकांना शिकवते. शाळेत कोणी छळत नाही ना, हे विचारून आम्ही घरातल्या चौघांनी एकच वाक्य ठरवले: ‘भीती वाटते, हे कळते; तरी तुला जमेल.’ आजोबा फाटकापर्यंतच जात. पहिला आठवडा रडण्यातच गेला. (आजोबांचे डोळेही कोरडे नव्हते!) ताप, उलट्या किंवा वजन घटणे असल्यास मात्र आधी डॉक्टरांना दाखवावे. मनाच्या काळजीसाठी टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य बोलता येते.