नेकनूरला एक फेरी

तर झालं असं की, 2016 च्या एप्रिलमधे मी प्रोजेक्टच्या निमित्ताने इंग्लंडात होतो आणि एका रविवारी लडलो नावाच्या गावी गेलो होतो. जुनं बाजाराचं गाव. तिथे एक घडीपत्रक हातात पडलं. नकाशा, नकाशावर आकडे आणि प्रत्येक आकड्यापुढे दोन-दोन ओळी. गाईड नको, कुणाला विचारायला नको. आकडे धरून चालत सुटायचं. अकराव्या शतकातला किल्ला, त्याच्यासमोर बाजाराचा चौक, अठराव्या शतकातलं बटरक्रॉस म्हणजे एके काळची लोणी विकायची जागा, आणि 1619 मधलं लाकडी चौकटींचं फेदर्स हॉटेल. आपण तर जाम खूश! लोणी विकायच्या जागेची इतकी बडदास्त?

बटरक्रॉससमोरूनच अण्णांना फोन लावला. तिकडचे सकाळचे दहा, म्हणजे आपल्याकडे दुपारचे अडीच. मागे कलकलाट. अण्णा म्हणाले, "नेकनूरच्या बाजारात हाय. मग बोलू." मी म्हटलं, मी पण बाजारातच आहे! ते हसले आणि फोन ठेवला. तिथे काय करताय, हे विचारायचं मला सुचलं नाही.

असो.

मागच्या महिन्यात गावी गेलो होतो, तेव्हा डोक्यात आलं की आपल्या नेकनूरचं असं पत्रक का नाही? बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून वर यायचं आणि केजच्या रस्त्याला लागायचं, की थोड्याच वेळात नेकनूर. 'नेक' म्हणजे चांगला, 'नूर' म्हणजे तेज. मराठवाड्यातल्या एखाद्या गावाला इतकं शायराना नाव असावं! 1948 पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. किंमत, नफा, नुकसान हे बाजारातले रोजचे शब्दसुद्धा फारसी-अरबीतून आलेले. रविवारी इथे आठवडी बाजार भरतो. वही-पेन घेऊन निघालो तर अण्णा म्हणाले, "थांब, मी पण येतो."

एक नंबर मी बंकटस्वामींच्या मठाला दिला. बंकटस्वामी जोग महाराजांचे शिष्य. जोग महाराजांनी 1917 मधे आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, आणि आज आपल्याकडच्या सप्ताहांत जे कीर्तन ऐकतो त्यातले कितीतरी कीर्तनकार तिथे शिकून आलेले असतात. अण्णांनी पायरीला हात लावला, कपाळाला लावला आणि पुढे निघाले. मी दोन ओळी लिहून घेतल्या.

दोन नंबर भाजीबाजार. तीन नंबर भेळ-भजी. (हा नंबर वगळणाऱ्याला पाप लागेल.) चार नंबर दोरखंड, घुंगरं, झुली, गोंडे विकणाऱ्यांची रांग. इथे अण्णांची चाल मंदावली. एक कासरा हातात घेऊन पीळ बघितला, परत ठेवला. दुकानदाराने भाव सांगितला तरी बोलले नाहीत.

मग जनावरांचा बाजार. मला वाटलं होतं की मी अण्णांना फिरवतोय. इथून पुढे ते मला फिरवायला लागले. बैलाचं तोंड उघडून वय कसं ओळखायचं, दोन दाती, चार दाती, जुळलेला म्हणजे काय, चालताना मागचा पाय कुठे पडतो ते का बघायचं. सौदा चालू असेल तर रुमालाखाली हात घालून बोटं धरतात. किती बोटं धरली ते फक्त दोघांनाच कळतं. मी म्हटलं, हे तर एन्क्रिप्शन झालं! अण्णांनी काय ते विचारलं नाही आणि मीही समजावलं नाही.

दसऱ्याच्या आधी इथे जोड्यांना भाव असतो, कारण ऊसतोडीला गाड्या निघतात. दुष्काळात उलटं. "सगळे विकणारे, घेणारा कोण?" त्यात 2015 च्या मार्चपासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे थकलेल्या बैलाला गिऱ्हाईकच उरलं नाही. 2022 च्या सप्टेंबरात तर लंपीमुळे राज्यभरातले जनावरांचे बाजारच बंद होते.

एका लिंबाच्या झाडाखाली अण्णा थांबले. म्हणाले, "हितं बांधले होते."

मला आधी कळलंच नाही.

"तू तिकडून फोन केलतास बघ. तव्हा."

लातूरला रेल्वेने पाणी गेलं तो हा एप्रिल. आमच्या विहिरीत तळ दिसत होता, कडबा मिळत नव्हता, आणि छावणी आमच्या गावापासून लांब होती. नव्वद हजारांची जोडी बेचाळीसला गेली. मी पैसे पाठवू शकलो असतो. तेवढे पैसे तेव्हा माझ्याकडे नक्की होते. हे मी अण्णांना म्हटलंही.

"पैसे व्हते रे," ते म्हणाले. "पैसे काय बैलांना खाऊ घालायचे? कडबाच नव्हता कुठं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू फिरायला गेला व्हतास."

परत येताना मी वही उघडली नाही. गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मांजरसुंब्याला चहा घेतला, तेव्हा अण्णांनीच विषय काढला, "ते नकाशाचं काय? नंबर किती झाले?"

चार, मी म्हटलं.

"पाचवा लिंबाचा टाक."

घरी आल्यावर जुन्या गोठ्यात गेलो. तिथे आता माझी गाडी लावतात. भिंतीच्या खुंटीला दोन दावी टांगलेली आहेत. जनावर विकलं तरी अण्णा दावं देत नाहीत, परत आणतात. इतकी वर्षं तिथे गाडी लावतोय, पण ती कुणाची, हे मी कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं. एक सर्जाचं, एक राजाचं.

पत्रकात पाच नंबरपुढे दोन ओळी लिहायच्या आहेत. अजून जमलेल्या नाहीत.