लेकुरवाळ्याच्या गावी

आषाढ लागला की आमच्या निपाणी-बेळगाव पट्ट्याला पंढरीचे वेध लागतात. वखारींत तंबाखू निवडणाऱ्या बायाबापड्या, चिकोडी-संकेश्वरकडील शेतकरी, सारेच वाटेला लागतात. त्यांत मराठी बोलणारे असतात, तसे कन्नड बोलणारेही. ज्या देवाला संतांनीच ‘कानडा’ म्हटले, त्याच्या वाटेवर सीमाप्रश्न उद्भवत नाही.

आम्हीही पंढरपूरला अनेकदा गेलो. चंद्रभागेचे स्नान, नामदेवाची पायरी, चोखोबांची समाधी, विठोबाचे दर्शन, असा आमचा नेहमीचा क्रम. यंदा मात्र एका निराळ्या दाराशी जाण्याचे कारण घडले. शाळाप्रवेशाच्या दिवसांत एक आजी नातवाला घेऊन आली. मुलाची आई वारलेली, बापाचा पत्ता नाही. ती म्हणाली, “गुरुजी, ह्याच्या नावाम्होरं कुणाचं नाव लावायचं?” त्या रकान्यापाशी आमची लेखणी थांबली. नियम पाठ होते. उत्तर काही सुचले नाही.

एकादशीची गर्दी ओसरल्यावर आम्ही निघालो. निपाणीला रेल्वे नाही. चिकोडी-कागवाडवरून मिरज गाठले आणि पुढे सांगोल्यावरून गाडीने पंढरपूर. याच मार्गावर एकेकाळी बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी वारकऱ्यांना घेऊन रमतगमत जात असे.

या क्षेत्राच्या पुण्याईला एक दुःखाची किनार आहे. गेल्या शतकाच्याही आधी, देवदर्शनाच्या मिषाने येथे काही अभागी विधवा येत. १८५६ च्या कायद्याने पुनर्विवाहास मोकळीक दिली होती. समाजाने दिली नव्हती. परक्या गावी त्या प्रसूत होत आणि अर्भक मागे ठेवून परत जात. जोतीराव फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. त्यानंतर बारा वर्षांनी, १८७५ साली, पंढरपुरात न्यायाधीश असलेल्या लालशंकर उमियाशंकर त्रवाडी यांनी अशा मुलांसाठी आश्रय उभा केला. प्रार्थना समाजाने त्याला पाठबळ दिले. लगेचच १८७६-७८ चा भीषण दुष्काळ आला आणि पोरक्या मुलांची भर पडली. वासुदेव बाबाजी नवरंगे बालकाश्रम तो हाच.

त्या दारात उभे असता एक गोष्ट मनात घोळत राहिली. प्रार्थना समाज मूर्तिपूजा न मानणारा. त्रवाडी मूळचे गुजराती. म्हणजे मूर्तीच्या दर्शनाचे निमित्त करून आलेल्यांनी टाकलेली लेकरे उचलली ती मूर्ती न मानणाऱ्यांनी! विठोबाला आपण लेकुरवाळा म्हणतो. खांद्यावर, कडेवर मुले घेतलेले त्याचे ते रूप आपल्याला चित्रात फार आवडते. दारात सोडलेले मूल प्रत्यक्ष कडेवर घेण्याची वेळ आली, तेव्हा त्याचे कूळ विचारण्यात आपणच पुढे होतो. आमचा तो रकाना तरी दुसरे काय विचारत होता?

परतल्यावर आम्ही त्या आजीला शाळेत बोलावून घेतले. तिच्यासमोरच पटावर मुलाच्या नावापुढे त्याच्या आईचे नाव लिहिले.

“असं चालतंय व्हय, गुरुजी?” तिने भीतभीत विचारले.

“चालतंय,” आम्ही म्हणालो.

मुलगा तोवर वर्गाकडे पळालाही होता.