अक्कलकुव्याला मेहमान येणार असतील तर

सातपुड्याच्या पायथ्याशी, गुजरातच्या सीमेजवळ असलेले अक्कलकुवा हे नंदुरबार जिल्ह्यातले लहानसे तालुक्याचे गाव. तरीही इथे वर्षभर दूरदूरचे पाहुणे येत असतात. याचे मुख्य कारण म्हणजे जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम. सुरत जिल्ह्यातून आलेल्या मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी 1979 मध्ये सहा मुले आणि एक उस्ताद एवढ्यावर इथे मदरसा सुरू केला. आज हिफ्ज आणि आलिमियतच्या जोडीला शाळा, फार्मसी कॉलेज असा मोठा पसारा आहे. 4 मे 2025 रोजी मौलानांचा इंतकाल झाला, अल्लाह त्यांची मगफिरत करो. मुले शिकायला येतात, आणि त्यांच्यामागून त्यांना भेटायला आईवडील.

यातली एखादी अम्मी वर्षातून एकदाच येते. पै-पै साठवून, दोन दिवसांचा प्रवास करून. मुलाला डोळे भरून पाहायला तिला दोन-चार तास मिळतात. ते तास वाया जाणे किंवा लाभणे हे बहुतेक वेळा घरून निघण्याआधीच ठरलेले असते.

प्रवासाचा खरा पेच शेवटच्या टप्प्यात आहे. अक्कलकुव्याला रेल्वे नाही. जवळचे मोठे स्टेशन नंदुरबार, सुरत–भुसावळ मार्गावरचे. तिथून गाव आणखी 40-45 किलोमीटर. हातोड्याच्या पुलावरून तापी ओलांडायची, तळोदा घ्यायचे आणि मग अक्कलकुवा. दिवसा एसटी आणि खासगी गाड्या मिळतात. पण रात्री अकराला किंवा पहाटे तीनला उतरलेल्या माणसाने काय करायचे? लेकरे, पिशव्या आणि म्हातारी सासू घेऊन बाकावर रात्र काढायची. म्हणून तिकीट काढताना गाडी निघते किती वाजता याच्या आधी नंदुरबारला पोहोचते किती वाजता ते पाहावे. सकाळी पोहोचवणारी गाडी चार तास जास्त घेत असली तरी तीच बरी. रात्रीची गाडी टळत नसेल तर नंदुरबारलाच खोली ठरवून ठेवावी आणि फजरनंतर निघावे. अनोळखी रस्त्यावर मध्यरात्री जीप करून जाण्यात शहाणपण नाही, बायकामुले बरोबर असताना तर मुळीच नाही.

बिहार-उत्तर प्रदेशकडच्यांना ताप्ती गंगा आणि अहमदाबाद–चेन्नई मार्गावरच्यांना नवजीवन थेट नंदुरबारला उतरवते. मुंबई आणि कोकणातून येणाऱ्यांना थेट गाडी जमली नाही तर सुरतेकडे गाडी बदलावी लागते. इथे एक गफलत नेहमी होते. या मार्गावरच्या काही गाड्या सुरतेहून नव्हे, उधन्याहून सुटतात. दोन्ही स्टेशने वेगळी, मधे काही किलोमीटरचे अंतर. तिकिटावरचे नाव नीट वाचावे. मराठवाड्यातून येणाऱ्यांना धुळे, दोंडाईचामार्गे रस्ता सोयीचा. भरूच-अंकलेश्वरकडच्यांनी रेल्वेच्या नादी न लागता नेत्रंग, डेडियापाडा, सागबारा असे थेट रस्त्याने यावे.

दिवस निवडण्याचेही गणित आहे. मदरशात सहसा जुम्म्याला सुट्टी असते, पण तुमच्या मुलाच्या वर्गाला भेटीची परवानगी कधी आणि किती वेळ, हे आधी फोन करून विचारावे, मगच तिकीट काढावे. रमजानच्या सुट्ट्यांपूर्वी हजारो मुले एकदम घरी निघतात, तेव्हा आरक्षण मिळणे कठीण. होळीच्या आठवड्यात सातपुड्यातले भोंगऱ्या बाजार आणि काठीची राजवाडी होळी असते, एसटीत पाय ठेवायला जागा नसते. डिसेंबरात दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, तेव्हा शहादा-नंदुरबारकडे खोली शोधणे जिकिरीचे होते. मे महिन्यात ऊन चाळीस अंशांच्या पुढे जाते, वृद्धांना तेव्हा आणू नये.

मुक्कामाचे काय? संस्थेत उतरण्याची सोय होईल असे गृहीत धरून कोणी येऊ नये. आधी विचारावे, स्त्रियांसाठी वेगळी जागा आहे का तेही विचारावे. लॉजवर प्रत्येक प्रौढाचे ओळखपत्र लागते. सुरत-भरूचकडच्या अनेक घरांचे नातलग इंग्लंड, दक्षिण आफ्रिकेत आहेत. परदेशी पासपोर्टवरचा पाहुणा आला तर लॉजवाल्याला त्याची माहिती 24 तासांत ऑनलाइन कळवावी लागते. पाहुणा घरी उतरला तर हीच जबाबदारी घरमालकाची, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

पाहुण्यांची सोय करणे या मुलखाला नवे नाही. 1342 मध्ये चीनकडे जायला दिल्लीहून निघालेला इब्न बतूता दौलताबादहून नंदुरबारला आला होता. इथल्या मराठ्यांचे कसब, त्यांचे तांदूळ-भाजीचे जेवण आणि जेवणाआधी अंघोळीची रीत त्याने नोंदवली. पुढे तो सागर नावाच्या शहरात पोहोचला. अभ्यासक ते आजचे सोनगड मानतात, नवापूरच्या पलीकडचे. तिथे मुसाफिरांसाठी बागांमध्ये खानकाह होत्या. जो खानकाह बांधी तो तिच्या खर्चासाठी बाग वक्फ करी आणि देखरेख आपल्या मुलांकडे सोपवी. म्हणजे आंब्याच्या उत्पन्नावर वाटसरूचे जेवण! आज आपण एका लग्नाच्या मांडवावर जेवढा पैसा उधळतो, तेवढ्यात स्टेशनजवळ आयाबहिणींसाठी दोन स्वच्छ खोल्या सहज उभ्या राहतील.

आता यजमानांची बाजू. अक्कलकुव्यात ज्यांचे दूरचे नातलग आहेत, त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात महिन्यात तीन-तीन कुटुंबे उतरतात. नाही म्हणायची लाज वाटते, मग उधारीवर मटण येते. हदीसमध्ये मेहमानाचा खास पाहुणचार एक दिवस-रात्र आणि मेहमाननवाजी तीन दिवस सांगितली आहे, त्यापुढचे ते सदका. आणि यजमानाची कोंडी होईल इतके राहणे मेहमानाला जायज नाही, हेही त्याच हदीसमध्ये आहे. तेव्हा येणाऱ्याने किती माणसे आणि किती रात्री हे स्पष्ट सांगावे. यजमानानेही "जागा एकीचीच आहे, बाकीच्यांसाठी खोली बघून ठेवतो" असे मोकळेपणाने म्हणावे. दस्तरखानावर भाकरी आणि डाळ असली तरी चालते. वुजूला पाणी, किब्ल्याची दिशा आणि पाठ टेकायला जागा मिळाली की थकलेला माणूस दुआ देतो.

मालेगाव किंवा त्याहून दूरचा पाहुणा पंधरा दिवसांपेक्षा कमी राहणार असेल तर हनफी मसलकाप्रमाणे तो मुसाफिर. एकट्याने पढताना जोहर, असर आणि इशाचे फर्ज दोन रकात, स्थानिक इमामामागे मात्र पूर्ण चार. परतीचे तिकीट येतानाच काढलेले असावे, आणि अक्कलकुव्याहून गाडीच्या वेळेआधी किमान तीन तास निघावे. तळोद्याला बस बराच वेळ थांबली तरी मग जीव टांगणीला लागत नाही.