नागद्वाराच्या गोष्टी

नागपंचमी झाली की आमच्या अमरावती-अकोल्याकडील खेड्यांतल्या संध्याकाळी काही दिवस वेगळ्याच असतात. सातपुड्यात पचमढीजवळ नागद्वाराची यात्रा करून मंडळी गावी परतलेली असतात. जेवणे आटोपली की कुणाच्या ओट्यावर नाहीतर देवळाच्या पारावर माणसे जमतात आणि गोष्टी निघतात. शेतकी खात्याच्या नोकरीत या दोन जिल्ह्यांत फिरताना अशा बैठकी मी पुष्कळ ऐकल्या आहेत.

पचमढी मध्य प्रदेशात असली तरी नागद्वारला विदर्भातली गर्दी मोठी असते. डवरणी-निंदणातून चार दिवस काढून कास्तकार निघतो. १९८१ साली तिथले जंगल राष्ट्रीय उद्यान झाले. आता ते व्याघ्र प्रकल्पात आहे. त्यामुळे ही वाट नागपंचमीच्या सुमाराला थोडेच दिवस उघडते. भर पावसात डोंगर चढायचे, नाले ओलांडायचे, कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्यांवरून उतरायचे. जागोजागी विदर्भातल्याच मंडळांचे भंडारे असतात.

गोष्ट सांगणाराही रंगून सांगतो. "राजेहो, धुकं असं, का आपलाच हात आपल्याले दिसे नाही! पान्याचा आवाज ये, पन नाला कुठी हाये ते समजे नाही." पोरे आईच्या मांडीवर झोप विसरून ऐकतात. हसताहसता त्यांच्या कानावर पडते की, नाल्याला पूर असला तर घाई करू नये, काठावर थांबावे. दगडाच्या कपारीत हात घालू नये. सोबत्याला मागे टाकून पुढे जाऊ नये. आपल्या वावरात आणि नाल्याकाठी हेच कामी पडते.

एका बैठकीत एक म्हातारबुवा म्हणाले, "तिथं एवढा पानी पडते, पन झाडाखालून निंगते ते निर्मय. आपल्या वावरातून मात्र सारं गढूळ." मी म्हटले, "बुवा, तिथे पाल्याचे पांघरूण आहे. थेंबाचा मार मातीला लागत नाही आणि पाणी हळूहळू मुरते. आपले वावर उघडे, त्यात तास उताराच्या दिशेने. मग वरची कसदार माती पाण्याबरोबर जाणारच." उताराला आडवी पेरणी आणि बांधावर गवत या विषयावर त्या रात्री बराच वेळ बोलणे झाले. जंगल डोळ्यांपुढे असल्याने नकाशा काढावा लागला नाही.

आणखी एक आठवण सांगतो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली. त्यानंतर एका गावातला एक कास्तकार कुणाशी बोलेनासा झाला. पुढच्या वर्षी शेजाऱ्यांनी त्याला बळेच नागद्वारला नेले. परतल्यावर पहिल्या रात्री तो पारावर नुसता बसून होता. दुसऱ्या रात्री कुणीतरी शिडीवरचा प्रसंग वाढवून सांगू लागला, तेव्हा तो एकदम म्हणाला, "तसं नाही झालं भाऊ, मांगं मीच होतो." आणि पुढची गोष्ट त्यानेच पुरी केली. कर्ज तेवढेच होते, पण माणूस माणसांत आला. असा माणूस गप्प झाला की घरच्यांना धास्ती वाटते, हे आपल्या भागात वेगळे सांगायला नको.

हल्ली वैशाख पौर्णिमेच्या रात्री मेळघाटात पाणवठ्याजवळ मचाणावर बसायला काही तरुण जातात. त्यांनाही पारावर बोलवावे. यात्रेला जाऊन आलेल्या बायांनाही बोलू द्यावे. त्या वाटेचा चढ, स्वयंपाकाचे हाल आणि लेकरांचे पाय, सारे नीट लक्षात ठेवून सांगतात.

आता घरोघरी मोबाईल आहे, यात्रेची चित्रेही त्यात दिसतात. ती अवश्य पाहावीत. पण चित्राला "मग पुढं काय झालं?" असे विचारता येत नाही. तेव्हा यंदा तुमच्या गावातून जो जाऊन येईल, त्याला चहा पाजा, पारावर बसवा आणि जो अलीकडे घराबाहेर पडत नाही, त्यालाही आवर्जून हाक मारा.