कुंडीतली इंडिका

बंगळुरूला पोस्टिंग झाली की लोक हेवा करतात तो इथल्या हवेचा. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंची, ना नागपूरचा उन्हाळा ना दिल्लीची थंडी. के. आर. पुरममध्ये राहणाऱ्याला मात्र पावसाळ्याची दुसरी बाजूही ठाऊक असते. सप्टेंबर-ऑक्टोबर हे इथले सर्वांत ओले महिने. संध्याकाळी टिन फॅक्टरीची गर्दी आणि रेल्वेवरचा केबलचा पूल पार करेपर्यंत सर येऊन गेलेली असते. वाळत घातलेला युनिफॉर्म दोन दिवस दमट राहतो आणि कपाटातल्या बुटांवर बुरशी धरते.

अशा हवेत गच्चीवर गांजाचं झाड लावावं का, हा प्रश्न मला इथे एका निवृत्त सुभेदार साहेबांनी विचारला.

साहेब सातारा जिल्ह्यातले. मुलगा व्हाइटफील्डला नोकरीला, म्हणून आता इथे. सुरुंगात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये बसवलेल्या पायावर ते रोज दोन किलोमीटर चालतात. त्रास होतो तो नसलेल्या पायाचा. रात्री बाराच्या पुढे, नसलेल्या बोटांत कळ येते. डॉक्टर याला फँटम पेन म्हणतात. मुलाच्या परदेशातल्या मित्राने सांगितलं होतं की ‘इंडिका’ जातीने शांत झोप लागते आणि कॅनडात तर माजी सैनिकांना सरकार यासाठी पैसे देतं.

“सर, आपल्याकडे ही वनस्पती उकिरड्यावर उगवते. नाव पण इंडिका. मग एक कुंडी लावली तर काय बिघडलं?”

आधी नावाचंच बघू. 1785 मध्ये लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने भारतातून गेलेल्या नमुन्यांवरून या झाडाला ‘कॅनाबिस इंडिका’ म्हटलं. ते झाड अरुंद पानांचं होतं. आज बी विकणारे ज्याला इंडिका म्हणतात ते बुटकं, रुंद पानांचं, घट्ट फुलोऱ्याचं झाड अफगाणिस्तान आणि हिंदुकुशच्या कोरड्या खोऱ्यांतलं. म्हणजे नाव भारताचं आणि कूळ अफगाणी. पाकिटावर ‘इंडिका-प्रधान’ लिहिलेलं बी हा तर संकर असतो आणि त्या नावावरून आतल्या रसायनांचं प्रमाण कळत नाही. झोपेची हमी दूरच.

हा घट्ट फुलोराच दमट हवेत घात करतो. आत शिरलेला ओलावा बाहेर पडत नाही आणि राखाडी बुरशी आतून सुरू होते. बाहेरून हिरवंगार दिसणारं बोंड मधून कुजलेलं असतं. द्राक्षाच्या दाट घडात शिरते तीच ही बुरशी. पावसाबरोबर लावलेलं झाड फुलायला येतं ते नेमकं सप्टेंबर-ऑक्टोबरात. शिवाय बुरशी धरलेला माल ओढला तर ती थेट फुफ्फुसात जाते. साठीच्या पुढच्या माणसाने औषध म्हणून हे करावं?

कुमाऊंमध्ये असताना मी पावसातही माणसाच्या उंचीची भांग पाहिली आहे. पण ती मोकळ्या फुलोऱ्याची, रानटी. पहाडी माणसाला तिच्यातून बी हवं असतं चटणीला आणि वाख हवा असतो दोराला. दमट मुलखात खरा गांजा पिकवला तो बंगालने. राजशाही जिल्ह्यातलं नौगाव, आता बांगलादेशात आहे, इंग्रजी अमलात यासाठी प्रसिद्ध होतं. तिथे उंच, निचऱ्याची जमीन निवडत, पाऊस ओसरताना रोपं लावत आणि पीक कोरड्या थंडीत काढत. नर झाडं ओळखून उपटायला ‘परखदार’ नावाचा जाणकार येई. हे सगळं सरकारी परवान्यावर चाले. पिढ्यांचं हे कसब गच्चीतल्या कुंडीत उतरत नाही.

आता कायदा. 1985 च्या एनडीपीएस कायद्यात नुसतं पान आणि बी ‘गांजा’च्या व्याख्येत येत नाही, म्हणून होळीची भांग काही राज्यांत चालते. त्यामुळे लोकांचा समज होतो की झाडही चालत असेल. तसं नाही. जवळ बाळगण्याच्या गुन्ह्यात वजनाच्या पायऱ्या आहेत. 1 किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प’ आणि शिक्षा एक वर्षापर्यंत. विनापरवाना लागवडीला अशी पायरीच नाही. शिक्षा 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. नोव्हेंबर 2024 मध्ये याच बंगळुरूत एका जोडप्याने बाल्कनीतल्या कुंड्यांचे फोटो समाजमाध्यमावर टाकले. त्यांत गांजाची रोपं दिसली आणि पोलीस दारात आले. जप्त झालेला माल शंभर ग्रॅमसुद्धा नव्हता.

कॅनडाची गोष्ट खरी आहे, पण अर्धी. तिथे माजी सैनिकांना पैसे मिळतात ते डॉक्टरच्या मंजुरीने, परवानाधारक उत्पादकाकडून घेतलेल्या मालाचे. 2016 पासून त्यालाही सर्वसाधारणपणे दिवसाला 3 ग्रॅमची मर्यादा आहे.

हे सगळं मी साहेबांना सांगितलं. मग विचारलं, “रात्री झोप किती होते?” म्हणाले, “तीन तास. बरी होते.” ही गोष्ट त्यांनी ईसीएचएसच्या डॉक्टरांना कधी सांगितलीच नव्हती. तिथे ते फक्त रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला जात. आता मज्जातंतूंच्या वेदनेवरचं औषध सुरू आहे आणि रोज पंधरा मिनिटं आरशाचा उपचार. धडधाकट पायाचं प्रतिबिंब पाहत तो हलवायचा, म्हणजे मेंदूला दुसरा पाय हलल्यासारखा वाटतो. काही रात्री बऱ्या जातात, काही नाही.

माझा या झाडाला विरोध नाही. 1893-94 च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने 1,193 साक्षी नोंदवून, संपूर्ण बंदी नको, कर आणि नियंत्रण ठेवा, असंच म्हटलं होतं. आजचा कायदाही वैद्यकीय आणि वैज्ञानिक उपयोगाची वाट मोकळी ठेवतो. आयुर्वेदात ‘विजया’ची औषधं वैद्याच्या देखरेखीखाली मिळतात. मज्जातंतूंच्या वेदनेवर काहींना थोडा उपयोग होतो, असं अभ्यासही सांगतात. मग मागायचं असेल तर हे मागू या: जखमी जवानांच्या वेदनेवर आपल्याच लष्करी रुग्णालयांत रीतसर चाचण्या व्हाव्यात आणि गुण आला तर ते औषध मोजून-मापून, चिठ्ठीवर मिळावं. माजी सैनिकांच्या मेळाव्यात पेन्शनच्या अर्जांसाठी टेबल मांडतो, तसं एक टेबल वेदनेसाठीही मांडता येईल. तिथे बसणाऱ्याने पहिला प्रश्न झोपेचा विचारावा. आपली माणसं आपणहून सांगत नाहीत.