बोर्डाच्या आतलं कापड

हिरव्या पीसीबीचा, म्हणजे छापलेल्या सर्किटच्या बोर्डाचा, एखादा कोपरा पॉलिश पेपरने घासून पाहा. आधी हिरवा मास्क जातो, मग तांबं जातं आणि खाली पिवळसर, अर्धपारदर्शक पत्रा उरतो. तो उजेडासमोर धरला की त्यात बारीक चौकटी दिसतात. ती वीण आहे. काचेच्या धाग्याचं, ताणा-बाणा असलेलं, मागावर विणलेलं खरंखुरं कापड. ते इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवतात, थरावर थर रचतात आणि उष्णता व दाबाखाली त्याचा टणक पत्रा करतात. बाजारात त्याला एफआर-४ म्हणतात. नेहमीच्या १.६ मिलिमीटर जाडीच्या बोर्डात जाड विणीच्या कापडाचे साधारण ८ थर असतात.

हे मला कळलं तेव्हा मी बोर्ड दुरुस्तीचं काम बरीच वर्षं करत होतो. जॉबरच्या, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याच्या, मुलाला हे कळायला इतका उशीर का लागला, याचा विचार मी पुष्कळ केला आहे.

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की कोन लागतं. पुढे सरवलीची एमआयडीसी, तिथली डाईंगची आणि प्रोसेसची युनिटं, मग रांजणोली नाका आणि त्यापलीकडे भिवंडी. या पट्ट्यात लहानपण गेलेल्या माणसाच्या कानात मागाचा खडखडाट कायमचा बसलेला असतो. बाबा साध्या यंत्रमागांवर जॉबर होते. वही, फणी, शटल, पिकिंग स्टिक, बीम यांतलं काय बिघडलं ते त्यांना लांबून आवाजावरून समजे. यात चमत्कार काही नव्हता. साध्या मागात लपलेलं असं काही नसतंच. दांडा हलतो, तो का हलतो ते डोळ्यांना दिसतं, झिजलेला भाग काढून लेथवाल्याकडे न्यायचा आणि तसाच दुसरा करून आणायचा. मागाचा नकाशा मागावरच मांडलेला असतो. बाबांचं शिक्षण फारसं झालं नव्हतं. पण त्या यंत्राचं सगळं ज्ञान त्यांच्या मालकीचं होतं, कोणाकडे मागायला जावं लागत नव्हतं.

माझ्या हातात आलेला पहिला बोर्ड घरच्या रेडिओतला. तपकिरी, एका बाजूला तांब्याच्या रुंद, वळणदार रेषा आणि दुसऱ्या बाजूला सगळे पार्ट. तो बोर्ड कागद आणि फिनॉलिक रेझिनचा होता, त्यात कापड नव्हतं. रेषा डोळ्यांनी वाचता येत होत्या. हा ट्रान्झिस्टरचा पाय, ही रेष इथून निघते, व्हॉल्यूमपाशी जाते. तो वाचायचा नाद लागला आणि पुढे तोच धंदा झाला.

शिकत असताना आम्ही बोर्ड हाताने करत असू. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कॉपर क्लॅड शीट आणायची, तिच्यावर मार्करने किंवा ऑइल पेंटने ट्रॅक, म्हणजे तांब्याच्या रेषा, काढायचे आणि ती फेरिक क्लोराइडच्या पाण्यात सोडायची. शाईखालचं तांबं राहतं, बाकीचं विरघळतं. ते तांबं असतं अवघं ३५ मायक्रॉन जाड. बोटांवर पडलेले पिवळे डाग आठवडाभर जात नसत. मोठ्या कंपन्यांत तेव्हा पारदर्शक फिल्मवर काळ्या टेपच्या पट्ट्या आणि गोल पॅडचे स्टिकर चिकटवून दुप्पट आकाराचं आर्टवर्क करत आणि मग कॅमेऱ्याने ते लहान करत. एखादा ट्रॅक सरकवायचा तर ब्लेडने टेप सोलायची आणि पुन्हा चिकटवायची. तेव्हा एडिटिंग म्हणजे हेच.

छापलेल्या सर्किटचे जनक मानतात ते पॉल आइस्लर यांना. हे व्हिएन्नाचे ज्यू इंजिनिअर १९३६ मध्ये इंग्लंडला गेले आणि १९४३ मध्ये त्यांनी तिथे पेटंटसाठी अर्ज केला. त्याच व्हिएन्नातून नाझींच्या तावडीतून सुटलेला जोसेफ गर्बर नावाचा एक मुलगा १९४० मध्ये आईबरोबर अमेरिकेत पोचला. वडील मागे राहिले, ते ज्यूंच्या संहारात गेले. या गर्बर यांनी पुढे अमेरिकेत कंपनी काढली. प्रकाशाने फिल्मवर रेखाटणारे फोटोप्लॉटर या कंपनीने बनवले आणि त्या यंत्राला द्यायच्या सूचनांची जी भाषा ठरली तिला आजही गर्बर फाइल म्हणतात. जगातले बहुतेक सगळे बोर्ड या फाइलवरून बनतात. आमच्या भागातल्या माणसाने मुद्दाम लक्षात ठेवावी अशी गोष्ट पुढे आहे. कापडाचे थर रचून ते आपोआप कापणारं संगणकी यंत्रही याच गर्बर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आणलं. कापड आणि सर्किट, दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर होती.

भिवंडीच्या पट्ट्यात परदेशातले जुने, शटल नसलेले रॅपिअर माग येऊ लागले तशी माझ्याकडे बोर्डांची रीघ लागली. बाण्याचा धागा पुरवणाऱ्या फीडरचे बोर्ड, बाणा तुटल्याचं ओळखणाऱ्या सेन्सरचे बोर्ड, डिस्प्लेचे, पॉवर सप्लायचे. मागाच्या शेडमध्ये हवेत कापसाचे तंतू उडत असतात. ते बोर्डावर बसतात आणि पावसाळ्यात ओल धरतात. जास्त व्होल्टेजचे दोन ट्रॅक जवळजवळ असले की त्या ओल्या थरातून करंट झिरपू लागतो, जागा काळी पडते, कोळसा होतो आणि एक दिवस ट्रॅकच उडतो. साफ करून वायरचा जंपर टाकला की बोर्ड चालू होतो. पण उडालेला ट्रॅक कुठून कुठे जात होता हे माहीत असेल तरच! चार लेयरच्या बोर्डात दोन लेयर पोटात असतात, ते दिसत नाहीत. मीटर बझरवर ठेवून एकेक पिन शोधत बसायचं. बाबा तेव्हा निवृत्त होते. शेडमध्ये नव्या जॉबरना बोर्डापाशी आल्यावर हात मागे घेताना पाहून त्यांना वाईट वाटे. "माग उघडा पडलाय, पण आत काय चाललंय ते दिसत नाही," असं ते म्हणत. माग बिघडला की गावातला माणूस पुरेनासा झाला होता, आणि कारण एवढंच की नकाशा आता यंत्रावर नव्हता. तो कुठेतरी दूर, कोणाच्या तरी संगणकात होता.

एका कारखानदाराकडे फीडरच्या पॉवर सप्लायच्या जुन्या बोर्डाबरोबर आलेली एक सीडी निघाली. त्यात जीटीएल, जीबीएल, जीटीएस, जीटीओ अशा विचित्र शेपटांच्या फाइली होत्या. नोटपॅडमध्ये उघडल्या तर ओळीच्या ओळी आकडे. एक्स आणि वाय, पुन्हा एक्स आणि वाय, शेवटी डी०१ किंवा डी०२. माझा भाचा सरवलीत सीएनसी चालवायचा. त्याने पाहताक्षणी सांगितलं, "मामा, ही तर आमच्या मशीनची भाषा आहे." आणि ते अक्षरशः खरं आहे. गर्बरचं मूळ आरएस-२७४ हे संख्येने चालणाऱ्या यंत्रांचं जुनं अमेरिकन मानक, त्याच घराण्यातून सीएनसीचा जी-कोड आला.

ते आकडे वाचायला शिकणं फार अवघड नाही. डी०२ म्हणजे काही न काढता पुढे जा. डी०१ म्हणजे रेघ ओढत जा. डी०३ म्हणजे इथे एक पॅड उमटव. डी१० पासून पुढचे क्रमांक म्हणजे रेघेची जाडी किंवा पॅडचा आकार, त्याला अ‍ॅपर्चर म्हणतात. फाइलच्या डोक्यावर एकक मिलिमीटर आणि दशांशापुढे सहा आकडे असं लिहिलेलं असेल तर एक्सपुढचे १००००००० म्हणजे १० मिलिमीटर. जी०४ ने सुरू होणारी ओळ माणसांसाठी, यंत्र ती वाचत नाही. एम०२ आलं की फाइल संपली. जुन्या फाइलींत अ‍ॅपर्चरची यादी वेगळ्या कागदावर असे, ती हरवली की सगळं निरर्थक. १९९८ च्या आरएस-२७४एक्स या सुधारित रूपात ती यादी फाइलच्या आतच आली. हे मानक आज बेल्जियमची युकॅमको ही कंपनी सांभाळते आणि त्याचं पूर्ण वर्णन कोणालाही फुकट वाचता येतं.

मग जर्बव्ही हा मुक्त व्ह्यूअर मिळाला. एकेक फाइल एकेका रंगात उघडायची, एकमेकींवर ठेवायची, नको ती झाकायची. वरचं तांबं, खालचं तांबं, मास्क, वरची पांढरी अक्षरं, भोकांची ड्रिल फाइल. पोटातला लेयर प्रथमच उघडा झाला. खालची बाजू पडद्यावर वरून आरपार पाहिल्यासारखी दिसते, म्हणून तिच्यावरची अक्षरं उलटी असतात. नवशिक्याला हे मी पहिल्यांदा सांगतो. अक्षरं उलटी दिसली तरच फाइल सुलटी आहे. उडालेला ट्रॅक मी पडद्यावर शोधला, कुठल्या कॅपॅसिटरला जातो ते पाहिलं आणि जंपर टाकला. बाबांना खुर्चीवर बसवून लेयर एकेक करून लावले आणि विझवले. ते बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी विचारलं, "हा ट्रॅक जरा बाजूला सरकवता येईल का? इथे तर फळफळ बसणारच." तंतूंच्या धुळीला ते फळफळ म्हणत. बोर्ड कधी न शिकलेल्या माणसाने बोर्डाचं दुखणं नेमकं ओळखलं, कारण नकाशा त्यांच्यासमोर होता.

ट्रॅक सरकवणं मात्र पाहण्याइतकं सोपं नाही. गर्बरमध्ये फक्त आकार असतात. ही रेघ २४ व्होल्टची आहे, हा पॅड रेझिस्टरचा आहे, हे त्या फाइलला ठाऊक नसतं. २०१४ मध्ये आलेल्या एक्स२ आवृत्तीत अशी माहिती घालता येते, पण ती घालायची की नाही हे फाइल काढणाऱ्यावर. गर्बर म्हणजे जात्यातून पडलेलं पीठ, त्यातून दाणा परत मिळत नाही. बदल करायचा तर मूळ डिझाइन फाइल हवी, आणि ती नसेल तर सर्किट पुन्हा रेखाटायला हवं.

मी पुन्हा रेखाटायला शिकलो ते किकॅडवर. फ्रान्समध्ये ग्रेनोबलला शिकवणाऱ्या ज्याँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये ते सुरू केलं, पुढे २०१३ पासून सर्न या संशोधन संस्थेनेही त्यात हातभार लावला. ते फुकट आहे; पण मला त्याहून मोलाची वाटते ती त्याची फाइल. ती साधा मजकूर असते. उघडून वाचा, कुठला फूटप्रिंट, म्हणजे पार्टच्या पॅडचा साचा, कुठे आहे, कुठला ट्रॅक कुठल्या नेटचा, म्हणजे जोडणीचा, सगळं लिहिलेलं. आधी स्केमॅटिक, म्हणजे सर्किटची आकृती, काढायचं, मग प्रत्येक पार्टला त्याचा फूटप्रिंट द्यायचा, मग बोर्डावर सगळे पार्ट बारीक पांढऱ्या रेघांनी जोडलेले दिसतात आणि एकेक रेघ ट्रॅकने भरत न्यायची. शेवटी डीआरसी, म्हणजे डिझाइनच्या नियमांची तपासणी, लावायचं. दोन ट्रॅक ठरवल्यापेक्षा जवळ आले असतील तिथे ते बोट ठेवतं. मुंबईच्या आयआयटीत फॉसी प्रकल्पाने किकॅड आणि सर्किट संगणकावर चालवून पाहणारं एनजीस्पाइस जोडून ईसिम नावाचं साधन उभं केलं आहे. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलमध्ये किकॅडचे धडे आहेत. कल्याण-भिवंडीच्या पोरांनी यासाठी फार लांब पाहायची गरज नाही.

तो फीडरचा पॉवर सप्लाय मी नव्याने काढला. मेनच्या बाजूचे ट्रॅक लांब नेले, मधे बोर्डात आरपार खाच ठेवली म्हणजे तंतूंना पूल बांधता येत नाही, मोजायला टेस्ट पॉइंट दिले. किकॅडच्या ७व्या आवृत्तीपासून, म्हणजे फेब्रुवारी २०२३ पासून, संगणकातले फाँट बोर्डावर वापरता येतात. त्यामुळे आता माझ्या बोर्डांवर पांढऱ्या शाईत देवनागरीत '२४ व्होल्ट' आणि 'बाणा सेन्सर' छापून येतं. जॉबर ते वाचतो आणि मीटरची टोकं स्वतः लावतो.

एफआर-४ मधलं कापड मला कळलं ते याच काळात. बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याच्या तांत्रिक पत्रकात ग्लास क्लॉथचे क्रमांक होते, ७६२८, २११६, १०८०, आणि सोबत ताण्या-बाण्याचे प्रति इंच धागे. आमच्याकडे कापडाचा सौदा होतो तशाच भाषेत! वाचत गेलो तसं उलगडत गेलं. ताण्याच्या आणि बाण्याच्या दिशेने बोर्ड सारखा आकसत नाही, म्हणून अनेक लेयरच्या बोर्डात सगळ्या थरांचा ताणा एकाच दिशेला ठेवतात, नाहीतर बोर्ड वाकतो. अतिवेगवान सिग्नलच्या जोडीतला एक ट्रॅक काचेच्या धाग्यावरून आणि दुसरा दोन धाग्यांमधल्या रेझिनवरून गेला तर दोघे एकाच वेळी पोचत नाहीत. म्हणून डिझाइनर कधी कधी सगळं डिझाइन विणीला काही अंशांनी तिरकं ठेवतात. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "म्हणजे ताणा ढिला असला की तिथेही बोंब!"

उशीर का लागला, त्याचं उत्तर मला इथे मिळालं. कापडाचं ज्ञान आमच्या घरात होतं, बोर्डाचं माझ्याकडे होतं. पण फाइल कोणी दाखवली नव्हती, म्हणून दोन्ही एकमेकांना भेटली नाहीत.

तेव्हा कोन, सरवली, भिवंडीतल्या कारखानदारांना माझी एवढी विनंती आहे. मागासाठी, सायझिंगसाठी, डाईंगसाठी बोर्ड करून घ्याल तेव्हा पैसे देण्याआधी तीन गोष्टी लेखी मागून घ्या: स्केमॅटिक, मूळ डिझाइन फाइल आणि पूर्ण गर्बर, ड्रिल फाइलसकट. नुसता गर्बर देऊन कोणी वाटेला लावत असेल तर बोर्ड तुमचा झालेला नाही. आणि जॉबरच्या मुलांनो, व्ह्यूअर फुकट आहे, एखादी फाइल आज रात्रीच उघडून पाहा.